टेपबाईंचं जपानी

आपण आठ वाक्यं बोललो, हे टेपबाईंनी बोटांवर मोजलं होतं. लेकीनं त्यांची दोन केली, तीही इतकी आखूड की पडद्यावरच्या विहीणबाईंना मान डोलवायलाही पुरेसा वेळ मिळाला नाही.

"एवढंच?" टेपबाई म्हणाल्या.

"सगळं सांगितलं गं आई."

"मी माझी पाठ सांगितली, बाबांचा चष्मा सांगितला, वरच्या मजल्यावरून गळतंय ते सांगितलं. चष्मा कुठे गेला त्यातला?"

"आला ना चष्मा."

"आणि गळती?"

"गळती त्यांना सांगून काय उपयोग? त्या येऊन बुजवणार आहेत का?"

मग विहीणबाई बोलल्या. चांगली दोन मिनिटं बोलल्या. हात हलवले, भुवया चढवल्या, मध्येच सुनेकडे वळून काहीतरी ठणकावलं, पुन्हा पडद्याकडे वळून कमरेत वाकून बोलल्या. लेकीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणतायत, इकडे सगळं छान आहे. तब्येतीला जपा."

टेपबाईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "कार्टी कापड खातेय."

त्यांच्या तोंडून हा आळ म्हणजे साधी गोष्ट नव्हती. अठ्ठावीस वर्षं त्या कपडे दुरुस्त करत होत्या. चावीवाला आणि बूटवाला यांच्या मधोमध त्यांचं सहा बाय आठचं दुकान. उसवणं, आत घेणं, बाहेर सोडणं, चेन बदलणं. गळ्यातली टेप जेवतानाही उतरत नसे म्हणून सगळे त्यांना टेपबाई म्हणत. खरं नाव बँकेच्या पासबुकात तेवढं शिल्लक होतं. या अठ्ठावीस वर्षांत कापड खाल्ल्याचा आळ ज्यानं घेतला नाही असं गिऱ्हाईक विरळा. आणि त्याच बाईच्या पोटची पोर समोर बसून मीटरभर बोलण्यातलं पाऊण मीटर गिळत होती.

लेक पेशानं दुभाषी. जपानी आणि आणखी दोन भाषा. मोठ्या कंपन्यांच्या बैठकांत दोन पक्षांच्या मध्ये बसायचं, याचं त्याला आणि त्याचं याला सांगायचं. लहानपणी ती शेजारणींची भांडणं अशीच मिटवायची. हिचं तिला सांगताना निम्मं गाळायची. पुढे त्याचाच पगार मिळायला लागला. सहा वर्षांपूर्वी तिनं तिकडचाच नवरा केला. जावई भला माणूस, पण जहाजावर इंजिनाचं काम; तीन-तीन महिने पाण्यावर. मराठी येतं ते एवढंच, "नमस्कार आई, जेवलात?" घरी असतात त्या विहीणबाई. आयुष्यभर शहरातली बस चालवून निवृत्त झालेल्या, सुनेच्या खालच्याच मजल्यावर राहणाऱ्या.

आणि इथेच टेपबाईंचं घोडं अडलं होतं. गेले दोनेक महिने लेकीचं काहीतरी बिनसलं होतं. पूर्वी ती फोन करायची तो रस्त्यानं पळता पळता, "आई, बैठक आहे, ठेवते" म्हणत. आता कधीही फोन करा, घरीच. पडद्यावर हनुवटीच्या खालचं काही दिसू द्यायची नाही. विचारलं की "मस्त". कशी आहेस, मस्त. जेवलीस का, मस्त. हा काय जेवणाचा जबाब झाला? खरं सांगेल असं माणूस जगात एकच, विहीणबाई. आणि विहीणबाईंपर्यंत जायचा रस्ता एकच, तो लेकीच्या तोंडातून.

फोनमधल्या भाषांतराच्या सोयीचा प्रयोग त्यांनी करून पाहिला होता. विहीणबाई बोलत असताना दुसरा फोन हळूच पुढे धरला. त्यात उमटलं, "थांबा दाराजवळ मोठी बहीण पाऊस विकते."

"मीच शिकते," टेपबाईंनी जाहीर केलं.

नवरा शब्दकोडं सोडवत होता. निवृत्त झाल्यापासून तो दुसरं काही सोडवत नसे. "काय शिकतेस?"

"जपानी."

"माझ्याशी तू पस्तीस वर्षांत धड बोलली नाहीस. जपानीत काय बोलणार?"

"विहीणबाई उलट उत्तरं देत नाहीत. आणि हे बघा, लेकीला अक्षर कळता कामा नये. कळलं तर ती आणखी जपून गाळेल."

"मला काय पडलंय," नवरा म्हणाला. "पाच अक्षरी शब्द सांग, डोकं फिरणे."

तो शब्द टेपबाईंना पुढच्या आठवड्यात स्वतःच्या अंगावरच सापडला असता.

फोनवर एक फुकटचा धडा होता. त्यात एक पेंग्विन होता. बरोबर आलं की नाचायचा, चुकलं की रडायचा, आणि एक दिवस चुकवला तर दिवसभर निरोप पाठवायचा, "मला विसरलात का?" सासू गेल्यापासून टेपबाईंना असं कुणी विचारलं नव्हतं. पेंग्विननं पहिल्या आठवड्यात शिकवलं, "मी विद्यार्थी आहे." दुसऱ्या आठवड्यात, "मी विद्यार्थी नाही." तिसऱ्यात, "काकांच्या टोपीखाली मांजर आहे." टेपबाईंनी फोन मशीनवर आपटायचा तेवढा बाकी ठेवला. लेकीला काय झालंय हे विचारायचं होतं, आणि त्या काकांची टोपी उचलत बसल्या होत्या.

बरं, लिपी एक असावी. तीन. पहिली शेहेचाळीस अक्षरांची. ती त्यांनी खाकी कागदावर खडूनं काढून काढून महिन्याभरात पाठ केली. पाठ झाल्यावर पेंग्विन नाचला आणि म्हणाला, आता तीच अक्षरं दुसऱ्या तऱ्हेनं शिका. ती झाली. मग म्हणाला, आता चित्रं. चित्रं किती, तर दोनेक हजार आली म्हणजे वर्तमानपत्र वाचता येतं.

"दोन हजार?" चावीवाला भिंतीपलीकडून म्हणाला. "माझ्याकडे चाव्या नाहीत एवढ्या."

मोजणी तर त्याहून वर. लांब वस्तू मोजायचे शब्द वेगळे, चपट्या वस्तूंचे वेगळे, छोट्या जनावरांचे वेगळे. दोरा लांब, म्हणून एका तऱ्हेनं. कापड चपटं, म्हणून दुसऱ्या. गुंडी कशात जाते यावर एक सबंध दुपार गेली आणि त्या दुपारी एका गिऱ्हाइकाची पँट तीनऐवजी दोन इंच वर गेली. त्याला त्यांनी सांगितलं की, धुतल्यावर आटेल.

सरळ एक-दोन-तीन म्हणायला यांचं काय जातं? टेपबाई हे ज्याला त्याला विचारत. बूटवाल्यानं एकदा विचार करून उत्तर दिलं, "आपणही बुटांचा जोड म्हणतो, बाई, आणि उसाची मोळी." त्या दिवशी त्यांनी बूटवाल्याला चहा दिला नाही.

पुस्तकं मिळाली ती रद्दीवाल्याकडे. जपानी शिवणकामाच्या मासिकांचा एक गठ्ठा, सुतळीनं बांधलेला, कुणा परदेशी बाईनं घर सोडताना टाकलेला. टेपबाईंनी पहिलं पान उघडलं, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या मानेचा ताठा उतरला. बाहीचं चित्र, कॉलरचं चित्र, बाणाच्या खुणा. शेजारी काय लिहिलं असणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं: इथे दुमडा, इथे कापा, कडेनं एक सेंटीमीटर माया सोडा, सुईनं टाचा. माहीत असलेल्या गोष्टीवर अक्षरं बसवत गेलं की ती बसतात. पेंग्विनला त्यांनी रडू दिलं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मशीनच्या पायाशी मासिक उघडं असायचं.

त्यातही छळ होताच. दुसऱ्या लिपीत लिहिलेला एक शब्द पानोपानी यायचा, उ-ए-सु-तो. दोन दिवस त्या तो फोडत बसल्या. कुठलं तरी पुरातन जपानी अवयवाचं नाव असेल म्हणून चित्राच्या मानेपासून घोट्यापर्यंत बोट फिरवून झालं. शेवटी कळलं की तो 'वेस्ट' होता. कंबर. इंग्रजी. त्यांनी मासिक मिटलं, दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि पाणी प्यायल्या.

या सगळ्यात दर रविवारी सकाळी फोन असायचाच. टेपबाई मख्ख चेहऱ्यानं बसत, जणू त्या गावच्याच नाहीत, आणि विहीणबाईंच्या बोलण्यात ओळखीचं काही सापडतं का ते धुंडाळत. विहीणबाई बोलत बसच्या वेगात. एकेका थांब्यावर दम घेत आणि दार लागायच्या आत पुन्हा सुटत. पहिले तीन महिने टेपबाईंना वाक्याच्या शेवटचा, 'हो ना' अशा अर्थाचा 'ने' तेवढा कळे. मग एखादं नाम. मग एका रविवारी विहीणबाईंनी सुनेकडे हात केला आणि एक क्रियापद स्वच्छ, सुटं, टेपबाईंच्या मांडीवर येऊन पडलं. ताबेनाइ. खात नाही.

"काय म्हणाल्या?" टेपबाईंनी विचारलं.

"हवा गरम आहे म्हणतायत," लेक म्हणाली.

टेपबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्यांनी मूग गिळले. फोन ठेवल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "खात नाही, असं म्हणाल्या."

"कोण खात नाही?"

"तेच तर. या भाषेत कोण ते सांगायची पद्धतच नाही. नुसतं 'खात नाही'. समजून घ्या."

"मांजर असेल. त्यांच्याकडे मांजर आहे ना?"

"हात पोरीकडे केला होता."

"पोरीच्या मांडीवर मांजर असेल."

टेपबाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो परत कोड्यात शिरला. पण मुद्दा खोटा नव्हता. एका क्रियापदावर लेकीला खोटारडी ठरवता येत नव्हतं. ती हसून म्हणाली असती, आई, मांजराचं बोलत होत्या, आणि शिवाय सात महिन्यांचं गुपित फुटलं असतं ते वेगळंच. काहीतरी असं हवं होतं की ज्यात अर्धं-मुर्धं कळण्याची गोष्टच नको, आणि ज्यातले शब्द टेपबाईंना विहीणबाईंइतकेच पक्के यावेत.

सोमवारी दुकानात एका नवरीचा झगा आत घेताना, तोंडात टाचण्या धरून, त्या एकदम थांबल्या. टेपला कुणी गप्पा मारायला सांगत नाही. टेप आकडा सांगते.

रविवारी त्या जरा लवकरच फोनपुढे बसल्या. मांडीवर मापांची जुनी वही, पान लेकीचं, दीड वर्षापूर्वी ती आली होती तेव्हाचं. कंबर अठ्ठावीस.

"तुझ्यासाठी झगा शिवतेय," त्या म्हणाल्या. "निळं कापड आणलंय. माप दे."

"तुझ्याकडे आहे ना माप? तेच घाल."

"जुनं आहे."

"माझं काही बदललं नाहीये गं."

"तीस वर्षांच्या बाईचं दीड वर्षात काही बदललं नाही, असं मी अजून पाहिलं नाही. टेप घे."

"टेप नाही घरात. आणि झगा नको मला. आहेत ढीगभर."

दुकानात माप द्यायला कोण टाळतं, हे टेपबाईंना चांगलं ठाऊक होतं. ज्याला आकडा आधीच माहीत असतो तो. त्यांनी लेकीवरून नजर काढली, विहीणबाईंकडे पाहिलं, आणि मासिकातल्या बायका ज्या सुरात वाचकांना हुकूम सोडतात त्या सुरात, जपानीत म्हणाल्या, "उएसुतो मोजा. कृपया."

पडद्यावर दोघीही गोठल्या. टेपबाईंना वाटलं, फोनच अडकला.

"आई," लेक सावकाश म्हणाली, "तू आत्ता काय बोललीस?"

"तुझ्याशी नाही बोलले."

विहीणबाईंनी तोंडावर हात घेतला होता. मग त्या उठल्या आणि पडद्याबाहेर गेल्या. खालच्या मजल्यावरचं दार वाजलं, कसली तरी पेटी उपसल्याचा आवाज आला. परत आल्या त्या हातात सुतारकामाची लोखंडी टेप घेऊन. त्यांनी ती सुनेच्या कमरेभोवती गुंडाळायला घेतली, तर ती सट्‌कन आत गेली आणि लेक किंचाळली.

"अहो, लोखंडी टेपनं माणूस मोजतात का कुठे," टेपबाई मराठीत करवादल्या, आणि मग त्यांना पान आठवलं, चित्रासकट. हिमो. दोरी. "दोरी घ्या," त्या जपानीत म्हणाल्या. "कंबरेला बांधा. खूण करा. सोडा. मोजा."

"आई, बास ना. आई, हे कुठून शिकलीस? बाबा, ही काय करतेय?"

"सात महिने चाललंय," मागून नवरा म्हणाला. "मला बोलायची बंदी होती."

विहीणबाईंनी मात्र एकेका हुकुमाला मान डोलवली, सिग्नल पडल्यावर निघावं तशी. दोरी घेतली. लेकीनं हात आडवे धरले होते ते दोन बोटांनी बाजूला केले. बांधली, खूण केली, सोडली, टेबलावर लोखंडी टेपेशेजारी ताणून धरली, आणि चष्मा वर करून आकडा वाचला. "रोकुजू-नि."

टेपबाई काही बोलायच्या आत लेक म्हणाली, "सत्तर. सत्तर सेंटीमीटर. झालं? घाल माप."

इतकी वर्षं सवय लागलेली. तोंडातून आपोआप निघालं असावं. तिच्या चेहऱ्यावरूनच दिसलं की निघाल्यावर तिलाही कळलं.

टेपबाई लेकीकडे न पाहता विहीणबाईंना म्हणाल्या, "मोऊ इचिदो." पुन्हा एकदा.

"रोकुजू-नि," विहीणबाई म्हणाल्या आणि या वेळी बोटांनीही दाखवलं. सहा. दोन. बासष्ट.

टेपबाईंनी गळ्यातली टेप काढली. एका बाजूला बासष्टवर नख ठेवलं आणि टेप उलटी केली. दुसऱ्या बाजूला साडेचोवीसला जरा कमी. वहीत अठ्ठावीस. साडेतीन इंच. साडेतीन इंच आत घ्यायला कुणी झगा आणला असता, तर त्यांनी सांगितलं असतं, ताई, यापेक्षा नवा शिवा.

"साडेतीन इंच," त्या म्हणाल्या. "बोल आता. आणि एक शब्द जरी गाळलास ना, तर मी विहीणबाईंना विचारेन. कसं का होईना, विचारेन."

लेकीनं टेबलावरची दोरी बोटाला गुंडाळली.

"डावा कान गेला," ती म्हणाली. "एके दिवशी सकाळी उठले तर त्या बाजूला काही नाही. नुसता पंखा चालल्यासारखा आवाज. नऊ महिने झाले."

"नऊ?"

"आधी वाटलं होईल बरं. डॉक्टर म्हणतात, आता बहुतेक नाही. चक्कर येते, खाल्लं की उलटतं. बैठकीत कोण कुठून बोलतंय तेच कळत नाही, मग दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. मी काम सोडलं. सोडलं म्हणजे, बोलावणंच बंद झालं."

"जावयांना?"

"माहीत आहे. बाबांना मात्र इतक्यात कळायला नको होतं."

"ऐकलं मी," नवरा म्हणाला. त्यानं पेन्सिल खाली ठेवली होती.

"आणि या?" टेपबाईंनी विहीणबाईंकडे बोट केलं. "या काय सांगत होत्या दर रविवारी?"

"सगळं," लेक म्हणाली. "कानाचं. उलट्यांचं. मला रागवा म्हणून सांगत होत्या तुला. तुझं ऐकेन म्हणून."

"आणि तू मला हवा सांगत होतीस."

"तू तिकडे बसून रडली असतीस."

"मी रडायचं की नाही ते माझं मी बघेन," टेपबाई म्हणाल्या. आवाज चढला होता आणि चिरकतही होता, त्याचा त्यांना आणखी संताप आला. "ती बाई नऊ महिने माझ्यापुढे घसा कोरडा करतेय, आणि मी तिला मान डोलवतेय. हो, हो, छान. काय वाटलं असेल तिला? की ही कसली आई? पोरीचा कान गेला, आणि ही चष्म्याचं सांगतेय?"

लेकीनं मान वळवून सासूकडे पाहिलं. हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं, असं दिसलं.

"सांग त्यांना," नवरा मागून म्हणाला. "हिनं सांगितलंच नव्हतं म्हणून सांग."

"मी सांगते," लेक म्हणाली.

"तू नाही," टेपबाई म्हणाल्या.

पण सांगणार कशात? मासिकांत माफीचं पान नव्हतं. टेपबाईंनी सगळ्या बाह्या, कॉलर, खिसे मनातल्या मनात उलटेपालटे करून पाहिले. पेंग्विनचे काका आठवले, टोपी आठवली, मांजर आठवलं. शेवटी पेंग्विनच्याच पहिल्या धड्यांवर भिस्त ठेवून त्यांनी एकेक शब्द ठेवला, टाचण्या लावाव्यात तसा. "मी. ऐकलं नाही. आज. ऐकलं." आणि छातीवर हात ठेवून जमेल तेवढं वाकल्या. पाठीत कळ आली.

विहीणबाईंनी पाहिलं. मग सुनेच्या दंडावर एक चापट मारली, चांगली आवाज होणारी, आणि इतक्या खाली वाकल्या की पडद्यावर नुसते पांढरे केस उरले.

उठल्या तशा त्या आत गेल्या आणि एक वाडगा आणि चमचा घेऊन आल्या. वाडग्यात काय होतं ते टेपबाईंना दिसलं नाही, वाफ दिसली. तो सुनेपुढे ठेवून त्या टेपबाईंकडे पाहू लागल्या. आता काय, असं.

"खा," टेपबाई लेकीला म्हणाल्या.

"आत्ता?"

"आत्ता. आम्ही दोघी बघतोय."

लेकीनं एक चमचा घेतला. गिळला. थांबली. टेपबाईंना मासिकातला प्रत्येक परिच्छेद ज्या शब्दानं सुरू होतो तो आठवला, आणि त्या म्हणाल्या, "त्सुगी." पुढचं.

दुसरा चमचा. "त्सुगी," आता विहीणबाईही म्हणाल्या.

पाचव्या चमच्याला विहीणबाईंना भरून आलं असावं, कारण त्या एकदम सुटल्या. हात, भुवया, कान दाखवणं, पोट दाखवणं, जहाज, डॉक्टर, काय काय. थांबे न घेता सुसाट. टेपबाईंना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. लेकीनं भरल्या तोंडानंच हात वर केला, सांगू का म्हणून.

"तू खा," टेपबाई म्हणाल्या. त्यांनी वही उलटी करून मागचं कोरं पान काढलं, नवऱ्यानं खाली ठेवलेली पेन्सिल उचलली आणि विहीणबाईंना म्हणाल्या, "कळलं नाही. हळू. पुन्हा."

विहीणबाईंनी दीर्घ श्वास घेतला, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. वेग तोच, आवाज मात्र दुप्पट.